गळ्यावरचा ठसा

मास्तरच्या बायकोने नारिंगी जाकीट आणलं आणि मास्तरचं डोकं फिरलं.

एवढ्यावरून कोणाचं डोकं फिरतं का, असं ज्याला वाटेल त्याने आधी मास्तरचं काम ऐकावं. सरड्यांना रंग का आले, कसे आले, कोणाला दाखवायला आले, हे शोधण्याचा त्याला पगार मिळतो. तो कुठल्याही शाळेत शिकवत नाही. 'मास्तर' हे नाव सरड्यांच्या संशोधन केंद्रातल्या लोकांनी ठेवलेलं, कारण नुसतं किती वाजले विचारायला आलेल्या माणसालाही तो नर, मादी, गळा, ससाणा हे सगळं समजावल्याशिवाय सोडत नाही. माणूस वाईट नाही. पण ज्याला सगळं कळतं त्याच्याशी संसार करून बघा.

केंद्र म्हणजे एक बसकी इमारत आणि मागे भिंतींनी वेढलेली आवारं. आवारात माती कमी, दगड जास्त. सपाट, लवकर तापणारे दगड. प्रत्येक चांगल्या दगडावर एक नर. वरून पाहिला तर राखाडी, दगडाचाच निघालेला टवका. पण समोर दुसरा नर आला की हा पुढच्या पायांवर उठतो, मान ताणतो आणि गळा दाखवतो. तुम्हाआम्हाला तो गळा फिकट निळसर दिसतो, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. सरड्याला तसा दिसत नाही. सरड्याच्या डोळ्याला आपल्यापेक्षा एक रंग जास्त कळतो, जांभळ्याच्या पलीकडचा, अतिनील. त्या रंगात तो गळा दिव्यासारखा पेटलेला असतो. ज्याचा जास्त पेटलेला, त्याच्यासमोरून दुसरा गुपचूप मागे फिरतो. चावाचावी नाही, रक्त नाही. गळे बघून निकाल.

केंद्र पाहायला लोक यायचे तेव्हा मास्तरला ऊत यायचा.

"रंग फुकट येत नाही," तो भिंतीवर हात टेकून सांगायचा. "अंगात खाल्लेलं जिरलं, ऊन मिळालं, आजार नसला, तर गळा पेटतो. आणि पेटला की वर ससाणा आहेच. हजारो पिढ्या ससाण्याने भडक तेवढे उचलले. तरी रंग गेला नाही. का गेला नाही? कारण ज्याचा गळा भडक त्याला दगड मिळाला, दगड मिळाला त्याला मादी मिळाली, आणि त्याची पोरं उरली. पोरांचे गळे बापासारखे. रंग म्हणजे खर्च. आणि खर्च कोणीही उगाच करत नाही. रंग दिसला की एकच विचारायचं, पाहणारा कोण?"

मग तो भिंतीच्या सावलीतली मादी दाखवायचा. मळकट, बारीक. पोटात अंडी असली की मात्र तिच्या कुशीवर नारिंगी ठिपके उमटतात.

"म्हणजे तेव्हा ती नटते का?" एकदा एका बाईंनी विचारलं.

"नाही हो, उलट," मास्तर म्हणाला. "तेव्हा ती नराला सांगत असते, चालता हो. जवळ आलास तर चावेन."

सगळे हसले. मास्तरची बायको तेव्हा मागेच उभी होती, हातात ओल्या वाळूचं घमेलं घेऊन. ती हसली नाही. तिने हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते दाढी करताना तो गुणगुणतो त्या गाण्यासारखं झालं होतं.

ती अंडीघर सांभाळते. अंडीघर म्हणजे एक उबदार, अर्धवट अंधारी खोली, तिच्यात काचेच्या पेट्या, पेट्यांत वाळू, वाळूत अंडी. लग्नाआधीपासून ती तिथे आहे. आणि लग्नाआधीपासून ती दगडाच्या रंगाचे कपडे घालते, कारण आवारात जाणाऱ्या सगळ्यांनी तेच घालायचे असा नियम आहे. सरडे बिचकतात. हा नियम कोणी केला ते सांगायला नको. दारावर पाटीच आहे, मास्तरच्या अक्षरात: भडक कपडे नकोत, अत्तर नको, हाताला तेल, मलम, काही नको.

तर अशी बाई एका मंगळवारी काम संपल्यावर अंडीघरातून बाहेर आली ती नारिंगी जाकीट घालून. नारिंगी म्हणजे कसं? रस्ता खणणारे घालतात तसं. डोळ्यांत घुसणारं.

"हे काय?" मास्तर म्हणाला.

"जाकीट."

"ते दिसतंय."

"दिसावं म्हणूनच घेतलंय. आईंकडे जाऊन येते," असं म्हणून ती बसच्या थांब्याकडे निघाली.

आईंकडे म्हणजे मास्तरच्या आईकडे. म्हातारी गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. मास्तर थांब्याकडे जाणारा तो नारिंगी ठिपका लहान होईपर्यंत बघत राहिला. सासूकडे कोणी असं नटून जातं का?

शुक्रवारी पुन्हा तेच. जाकीट घरात ती कधीच घालत नसे. घरी आली की दारातच काढायची, खुंटीला अडकवायची. म्हणजे घरात जो बघणारा आहे, त्याच्यासाठी तो रंग नव्हे. मास्तरने स्वतःचंच शास्त्र स्वतःच्या बायकोला लावलं. रंग आहे, खर्च आहे, मग पाहणारा कोण?

पाहणारा सापडायला वेळ लागला नाही. ज्याला शोधायचाच असतो त्याला सापडतोच.

त्या वर्षी केंद्राने एक कॅमेरेवाला घेतला होता. अतिनील प्रकाशात फोटो काढणारा कॅमेरा, आणि तो चालवणारा हा माणूस. शिकलेला, चाळिशीचा, अंगाने सडसडीत. त्याचा पहिल्या दिवशीचा शर्ट इतका हिरवा होता की त्याचं नाव दुपारपर्यंत पोपट पडलं आणि त्याने ते आनंदाने घेतलं. हंगामाच्या सुरुवातीला त्याने सगळ्या नरांच्या गळ्यांचे फोटो काढले. हंगाम संपताना पुन्हा काढायचे होते. मधल्या काळात त्याचं काम अंडीघरात, फुटणाऱ्या अंड्यांचे आणि पिल्लांचे फोटो. म्हणजे दिवसभर उबदार अंधारात, मास्तरच्या बायकोबरोबर.

मास्तर अंडीघराच्या दाराशी आला की आतून हसू यायचं.

"वहिनी, हे बघा, हे बापावर गेलंय," पोपट म्हणत होता एकदा. "अंड्यातून अर्धं बाहेर आलंय आणि लेक्चर सुरू."

"पेटी बंद कर, ऊब जाते," ती म्हणाली. आणि हसली. अशी हसली की मास्तरला आठवेना, आपण हे हसू शेवटचं कधी ऐकलं.

तो आत गेला. हसू थांबलं. थांबणारच. कोणाच्या नावाने हसताना तोच दारात उभा राहिला तर काय करणार? पण मास्तरने त्याचा अर्थ आपल्याला हवा तो लावला. सुतावरून स्वर्ग म्हणतात, हा तर सुताशिवायच चढला.

"पिल्लं झाली वाटतं," तो म्हणाला.

"झाली ना," पोपट म्हणाला. "मास्तर, तुम्ही चेहऱ्याला काही लावत नाही का हो? दिवसभर उन्हात असता. चामडं झालंय नुसतं."

साधं बोलणं होतं. काळजीचं म्हणा हवं तर. मास्तरला ते गालफडात मारल्यासारखं लागलं. त्याने पोपटाच्या तोंडाकडे नीट पाहिलं. गुळगुळीत. मग संध्याकाळी घरी आरशात स्वतःकडे पाहिलं. कपाळावर भेगा, नाकावर साल निघालेली, मान तर घोरपडीची. आरशात त्याच्यामागे खुंटीवर जाकीट लटकलेलं दिसत होतं. ढेकर देऊन झोपलेल्या जनावरासारखं.

दुसऱ्या दिवशी तो औषधाच्या दुकानात गेला.

"चेहऱ्याला लावायला काहीतरी द्या," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"कोणासाठी?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"एका माणसासाठी."

"वय?"

"माझ्याएवढंच."

मुलीने ओठ दाबले. "हे न्या. रोज सकाळी. सुरकुत्या कमी होतात, चेहरा उजळतो, शिवाय…"

शिवाय काय ते ऐकायला मास्तर थांबला नाही, मागून कोणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. खोका त्याने रस्त्यातच फाडून कचऱ्यात टाकला आणि ट्यूब दाढीच्या सामानामागे लपवली. बायकोपासून. रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून तो गालांना, कपाळाला, मानेला चोळायचा. हात धुवायचा, पण त्या ट्यूबवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे पाण्याने जात नाही. बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि तरुण व्हायला निघालेला माणूस चष्मा लावत नाही. शिवाय नवं नवं असल्याने दिवसातून दहा वेळा गालावरून हात फिरवायचा. काही गुळगुळीत झालंय का, बघायला.

आता मास्तरचा एक मान होता. नरांना त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास, तो सरड्याच्या मानेत अलगद अडकवायचा, उचलायचा, तळहातावर घ्यायचा, वजन करायचं, अंगावर गोचीड आहे का बघायची, परत त्याच्या दगडावर सोडायचा. आणि सोडण्याआधी अंगठा गळ्यावरून हळूच फिरवायचा. तसं केलं की सरडा शांत होतो. ही त्याची जुनी लकब. दुसरं कोणी केलं असतं तर त्याने बोट मोडलं असतं.

सगळ्यांत मोठ्या दगडावरच्या नराला ते ठाणेदार म्हणत. रुंद डोक्याचा, एका पायाचं बोट तुटलेला, पण गळा असा की पोपटाच्या फोटोत तो पांढराशुभ्र आला होता. हंगामभर त्याच्या दगडाकडे कोणी फिरकलं नव्हतं. नुसती मान वर करायचा, की संपलं. मास्तरचा त्याच्यावर जीव. मनात तो ठाणेदाराला स्वतःच समजायचा, हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

क्रीम सुरू झालं आणि काही दिवसांत आवारात गडबड सुरू झाली. पूर्वी जे नर ठाणेदाराला पाहून वळायचे ते वळेनात. तो मान वर करायचा, गळा दाखवायचा, समोरचा बघायचा आणि सरळ अंगावर यायचा. जणू याने काही दाखवलंच नाही. ठाणेदार पहिल्यांदा लढला, जिंकला. दुसऱ्यांदा लढला, शेपटी गमावली. एका सकाळी मास्तर आला तेव्हा मोठ्या दगडावर दुसराच, अर्धवट वाढलेला, कालचा पोरगा नर बसला होता आणि ठाणेदार भिंतीच्या कडेला, माद्यांच्या सावलीत, पोट टेकून पडला होता.

मास्तर गुडघ्यांवर बसला. त्याला कारण तत्काळ कळलं. कारण एकच होतं, आणि ते हिरवा शर्ट घालून शीळ घालत होतं.

घरी त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "ठाणेदार पडला."

"अरे," ती म्हणाली. "म्हातारा झाला का?"

मास्तरने घास ताटात परत ठेवला. "म्हातारा कशाने होईल? कोणीतरी पाडलाय त्याला."

"कोणी?"

"तुला माहीत असेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "मला? मी अंडी बघते." मग भांडी उचलता उचलता म्हणाली, "शुक्रवारी येतोस का आईंकडे? त्या विचारतात."

मास्तर मनात हसला. काय धीट आहे, खोटं झाकायला मलाच साक्षीला बोलावते. तो नाही म्हणाला. एकदा आईला फोन करून विचारलं असतं, ही येते का म्हणून, तर पाच मिनिटांत सगळं मिटलं असतं. केला नाही. निरीक्षण करणाऱ्याने मध्ये पडू नये, असं त्याने स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की तो स्वतः आईकडे गेला त्याला इतके महिने झाले होते की फोन केला असता तर आईने पहिला प्रश्न तोच विचारला असता.

शुक्रवारी सकाळी तो मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. मोठ्या बाई म्हणजे केंद्राच्या प्रमुख. पांढरे केस, करडा आवाज. त्यांनीच मास्तरला कधीकाळी फास टाकायला शिकवलं होतं.

"त्याच्या दिव्याने माझे नर जळलेत," मास्तर म्हणाला. "फोटो काढताना जो दिवा लावतो त्याने. गळे मेलेत. त्याला काढा."

"काढा म्हणजे? तो काय पायातला काटा आहे?"

"काटाच आहे."

बाईंनी चष्मा काढला. "दिवा लावला हंगामाच्या सुरुवातीला. नर पडताहेत आत्ता. मधे काय झोपले होते का गळे?"

"हळूहळू मरतात."

"कोण सांगतं?"

"मी सांगतो."

"मग दाखव. पोपटाला बोलाव, कॅमेरा आवारात आण. सगळ्यांसमोर बघू."

मास्तरला तेच हवं होतं. सगळ्यांसमोर. आणि तिच्यासमोर. त्याने स्वतः जाऊन अंडीघराचं दार ठोकलं. "दोघंही या," तो म्हणाला, आणि 'दोघंही' असं म्हणाला की पोपटाने तिच्याकडे पाहिलं आणि तिने खांदे उडवले.

दुपारचं ऊन. मोठ्या बाई छत्री घेऊन भिंतीशी. पोपटाने तिपाईवर कॅमेरा लावला, शेजारी त्यातलं चित्र दाखवणारा पडदा. मास्तरने फास टाकला आणि आधी मोठ्या दगडावरचा तो पोरगा नर उचलला. याला त्याने कित्येक दिवसांत हात लावला नव्हता, आधी कोपऱ्यातला पोरगा म्हणून, आणि आता नव्या दगडचोराला कोण कुरवाळणार? फास तसाच ठेवून त्याने त्याला कॅमेऱ्यासमोर धरलं. पडद्यावर गळा पेटलेला. पांढरा, स्वच्छ.

"हा तर ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "यालाही दिवा लागला होता ना?"

त्याने ठाणेदाराला उचललं. तळहातावर घेतलं. अंगठा गळ्याखाली, डोकं वर. पोपटाने बटण दाबलं.

पडद्यावर ठाणेदाराचा गळा आला. कडेला पांढरा, पेटलेलाच. आणि मधोमध, काळा कुळकुळीत, एका बाजूला ओघळलेला ठसा. अंगठ्याचा. त्याच्याखाली जुना, पुसट, दुसरा. त्याखाली आणखी एक.

पोपटाने कॅमेरा थोडा वर केला, मास्तरच्या हातावर. अंगठ्याचं पेर काळं. मग, त्याच्या मनात काय आलं देव जाणे, त्याने कॅमेरा आणखी वर केला आणि पडद्यावर मास्तरचं तोंड आलं. कपाळ, गाल, नाक, मान, डांबर फासल्यासारखं सगळं काळं. त्यात दोन पांढरे डोळे.

"सनस्क्रीन," पोपट हळू आवाजात म्हणाला. "मास्तर, तुम्ही सनस्क्रीन लावता? ते अतिनील गिळतं. आपल्याला दिसत नाही, त्यांना दिसतं. तुम्ही रोज ह्यांचे गळे पुसत होता."

"दारावरची पाटी कोणाची?" मोठ्या बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

मास्तरच्या बायकोने पडद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिच्या आवाजात राग नव्हता अजून. खरं तर थोडी गंमतच होती. "क्रीम? तू? कधीपासून?" आणि मग, सहज, कोणीही विचारेल तसं, "कोणासाठी?"

हा प्रश्न त्याचा होता. इतके दिवस जिभेवर घोळवलेला. तो तिने त्याच्याच तोंडावर फेकलेला पाहून मास्तरचा बांध फुटला.

"कोणासाठी? तू विचारतेस? तू ते नारिंगी कोणासाठी घालतेस ते सांग आधी. मंगळवारी, शुक्रवारी. आईंकडे म्हणे. मला काय दुधखुळा समजतेस? ह्याच्यासाठी ना? ह्या पोपटासाठी?"

त्याच्या हातातला ठाणेदार वळवळला आणि खाली पडून भिंतीच्या फटीत गेला. पोपटाचं तोंड उघडं ते उघडंच. मोठ्या बाईंनी छत्री मिटली. का मिटली कोणास ठाऊक, ऊन तेवढंच होतं.

ती अंडीघराच्या दाराकडे वळली. मग म्हणाली, "चल."

"कुठे?"

"पाहणारा दाखवते."

तिने अंडीघरातल्या खुंटीवरून जाकीट घेतलं, घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. बसमध्ये ती खिडकीशी बसली, तो शेजारी, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा. लोक तिच्या जाकिटाकडे बघत होते. मास्तर बघणाऱ्या प्रत्येकाकडे बघत होता. अजूनही! सवय अशी सुटते होय?

आईचं घर तळमजल्यावर, रस्त्याच्या कोपऱ्यापासून सरळ दिसणारं. म्हातारी खिडकीत बसली होती, मान थोडी तिरकी करून, चिमणी दाणा बघते तशी. ते अजून फाटकात होते तेवढ्यात तिने हात हलवला.

"आलीस का गं? कोपऱ्यावर वळलीस तेव्हाच दिसलीस." मग तिने मान आणखी तिरकी केली. "आणि नळवाला मिळाला वाटतं? बरं झालं. अहो, सरळ आत जा, स्वयंपाकघरात. सारखा ठिबकतोय."

मास्तर दगडाच्या रंगाच्या शर्टात, दगडाच्या रंगाच्या भिंतीसमोर उभा होता.

"आई, मी."

"कोण मी?"

"मी गं."

म्हातारीने आवाजाकडे तोंड फिरवलं. "बाबू? अरे, मग असा चोरासारखा का उभा आहेस? ये की उजेडात."

तो उजेडातच होता.

"डोळ्यांचं सांगितलं नाहीस मला," तो बायकोला म्हणाला, हळूच, पण म्हातारीचे कान शाबूत होते.

"सांगितलं तिने," आई म्हणाली. "डॉक्टरकडून आलो त्या दिवशीच सांगते म्हणाली होती."

"सांगितलं," बायको म्हणाली. "जेवताना. मधलं दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं, तेही भडक असलं तर. परत एकदा सांगितलं, जाकीट घेतलं तेव्हा. तू 'हं' म्हणालास. तुझ्या हातात ठाणेदाराचा फोटो होता."

"डोळ्यांच्या मधोमध कोणीतरी अंगठा ठेवलाय असं वाटतं बघ," आई म्हणाली. "माणसाकडे बघावं तर माणूसच पुसला जातो. दोनदा मी हिला शेजारीण समजले, नाही ते बोलून बसले. मग ही म्हणाली, थांबा आई, मी अशी येते की आंधळ्यालाही दिसेन." ती हसली. "छान दिसतो गं रंग. मला तेवढाच दिसतो."

मास्तरला लाज वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. वाटली, पण नंतर. आधी जे वाटलं ते लिहिलं पाहिजे. त्याला त्या जाकिटाचा हेवा वाटला. आपली आई कोपऱ्यावरून ज्याला ओळखते ते एक कापड आहे, आणि आपण नळवाला. तो स्वयंपाकघरात गेला. नळ खरंच ठिबकत होता. त्याने तो घट्ट फिरवला, मग आणखी घट्ट, आणि नळ जास्तच ठिबकायला लागला. त्याला नळही दुरुस्त करता येत नव्हता.

बाहेरून आईचा आवाज आला, "आज तुझा आवाज का बसलाय गं?"

"काही नाही आई. धूळ आहे रस्त्यात."

परतताना बसमध्ये तो म्हणाला, "मी चुकलो."

"हो," ती म्हणाली.

"माझं डोकं फिरलं होतं."

"तू सगळ्या जगाला सांगतोस, पाहणारा शोधा. माझ्यासाठी शोधायला निघालास तर तुला एकच सापडला. नर. सगळ्यांसमोर विचारलंस. पोपटासमोर, मोठ्या बाईंसमोर. मी अंडीघरात उद्या कोणत्या तोंडाने जाऊ?"

"माझं तोंड काळं झालं, तुझं नाही."

"तुझं धुऊन जाईल," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गेलंच धुऊन. डांबर काढतात तसं पेट्रोलच्या बोळ्याने नव्हे, साध्या साबणाने, वेळ घेऊन. ठाणेदाराला फटीतून काढून त्याचा गळा कापसाने पुसला, तोही पोपटाने, हातमोजे घालून. पडद्यावर गळा पुन्हा पेटला, आधीइतकाच. मग त्याला त्याच्या दगडाजवळ सोडलं. तो पुढे गेला, मान वर केली. दगडावरच्या पोराने पाहिलं. एक पाऊल मागे सरकला. क्षणभर वाटलं जमलं. पण ठाणेदारच थांबला. हरायची सवय अंगात शिरली होती. त्याने मान खाली घातली आणि भिंतीकडे गेला. रंग परत आला, दगड आला नाही.

मोठ्या बाईंनी मास्तरला बोलावून घेतलं. "तू चुकून जे केलंस ते आता मुद्दाम करू," त्या म्हणाल्या. "अर्ध्यांच्या गळ्याला मलम, अर्ध्यांना साधं पाणी. रंग झाकला की बाकीचे अंगावर येतात, हे नीट दाखवता येईल. मोठं काम आहे. पोपट बघेल."

"आणि मी?"

"तू नरांना हात लावू नकोस सध्या. अंडीघराचं छप्पर गळतंय, ते बघ. बाहेरून."

पोपटाने मास्तरला काही ऐकवलं नाही, एवढंच काय, चहाही विचारला. त्याने तो हिरवा शर्ट मात्र परत घातला नाही. राखाडी घालून यायला लागला. मास्तरला त्याचाही राग आला. आता अंडीघरातून हसू येत नव्हतं. पेट्यांच्या झाकणांचा आवाज तेवढा यायचा. मास्तर छपरावर बसून तो ऐकायचा. असाच शांतपणा त्याला हवा होता, हंगामभर, आणि आता तो मिळाला होता.

अशाच एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती आधीच आलेली होती. सोमवार होता. ना मंगळवार, ना शुक्रवार. ती टेबलाशी बसून मटार सोलत होती. खुंटी रिकामी होती. जाकीट तिच्या अंगात होतं, चेन गळ्यापर्यंत ओढलेली, घरात, बंद खिडक्यांत, उकाड्यात. कपाळावर घाम आला होता तरी.

"आईंकडे जाणार आहेस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग कोणी येणार आहे?"

"नाही."

तो तिच्या खुर्चीमागे आला. खांद्यावर ठेवायला त्याने हात पुढे केला. दिव्याखाली तो नारिंगी रंग इतका जवळून त्याने पहिल्यांदाच पाहिला. तिने मान वळवली नाही. मटार सोलणारी बोटं मात्र थांबली.

मास्तरने हात मागे घेतला. मादीचा नारिंगी रंग एवढा तरी त्याला वाचता येत होता.